हाक आणि ओ

मार्केट यार्ड, गाळा एकशे बारा,
मगदूम आणि मंडळी, गुळाचे अडते.
काट्यामागं माझी खुर्ची,
खुर्चीमागून मुंग्यांची रांग कुठंतरी जाते.

आज नवा संच बसवायचा.
अफरीन शिकलगार, माझीच जुनी विद्यार्थिनी,
गोकुळ शिरगावच्या कंपनीतून तिनं पेनड्राइव्ह पाठवलाय,
सोबत चिठ्ठी: "मॅडम, जुनं काढू नका, शेजारी बसवा.
दोघं राहतात एका मशीनवर."
राहतात म्हणे.
लग्नाला तिच्या आठच महिने झालेत,
म्हणून एवढा विश्वास.

जुना कम्पायलर मी अठ्ठ्याण्णव साली
राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत
अकरा फ्लॉप्यांतून उतरवून घेतला होता.
चौथ्या फ्लॉपीला ड्राइव्ह घसा खाकरायचा.
काट्याचा प्रोग्राम अजून त्याच्यावरच चालतो.
बंद पडत नाही असं नाही,
पण पडला की कुठं पडलाय ते मला अंधारातही कळतं,
वादी कुठल्या टाक्यात सुटली ते पायाला कळतं तसं.

नवा बसला. हिरवी पट्टी शंभरापर्यंत गेली.
काळ्या खिडकीत मी हाक मारली:
तू कोण, कितवी आवृत्ती, सांग.
ओ आली जुन्याची.
सत्याण्णव सालची, कॉपीराइटसकट.
परत हाक. परत तोच.

आमच्या वर्गात दोन संपत सुतार होते.
हजेरीला पुढच्या बाकावरचा उठायचा,
मागचा वर्षभर गैरहजर.

फोनवर अफरीन म्हणाली, "पाथ बघा.
वाटेत आधी कोण भेटतंय?"

वाट उघडली. एका ओळीत सगळे पत्ते:
आधी जुना,
मग एक प्रिंटर, केव्हाच भंगारात गेलेला,
मग बुडालेल्या एका कंपनीचं नाव,
मग "नवीन" नावाचं फोल्डर, दोन हजार तीनचं,
आणि पार टोकाला, चपला हातात घेऊन उभा असल्यासारखा,
आजचा.

त्याला उचलून पुढं आणला.
हाक मारली. लगेच ओ, खणखणीत.
आणि काटा गप्प झाला.

तीस किलोचा रवा काट्यावर, पडद्यावर शून्य.
बाहेर तीन ट्रॅक्टर, त्यातला एक चालूच.
पारिसाण्णांनी चष्म्यावरनं बघितलं,
"काय केलंसा बाई?"
म्हाळूतात्या हमाल तंबाखू मळत म्हणाला,
"एकोणतीस आठशे. लिव्हा की."

मग सुचलं. बॅच फाइलसुद्धा जुन्याला
नुसत्या नावानंच हाक मारत होती,
इतकी वर्षं, घरच्यासारखी.
आता पूर्ण पत्ता लिहिला:
ड्राइव्ह, फोल्डर, आतलं फोल्डर, नाव,
परगावी गेलेल्या माणसाला पत्र घालावं तसा.
काटा बोलला. एकोणतीस आठशे पन्नास.
तात्या पन्नास ग्रॅमनं चुकला
आणि त्याला ते पटलं नाही.

यार्ड उठल्यावर पुस्तक उघडलं.
पहिल्या धड्यात जगाला नमस्कार करायला सांगतात.
जग काही गाळा एकशे बारात येत नाही.
मी एकच शब्द टाकला, गूळ,
आणि प्रिंटरनं तो जसाच्या तसा काढला,
दीर्घ ऊकार, ळ, सगळं जागच्या जागी.
पंचवीस वर्षं आमच्या पावतीवर
इंग्रजीत जी, यू, एल असायचं,
कारण जुन्याला ळ यायचा नाही.

सकाळी तात्याला पावती दाखवली.
त्यानं उजेडाकडं धरली, फिरवली, परत दिली.
"माझी ती तीन अक्षरं कुठायत?
तेवढीच वाचता येतात मला."

जुन्यालाही आता पत्ता आहे.
मी त्याला ती खालच्या ओळीत छापायला लावली.